ओवाळणीचा डबा

औसा रोडच्या वळणावर आमच्या क्लासचा मोठा फ्लेक्स लागलेला आहे. त्यावर पाच शिक्षकांचे फोटो आहेत, डावीकडून दुसरा मी. सकाळी सहाच्या बॅचला जाताना त्याच्याखालून जावं लागतं. मागच्या गल्लीतून गेलं तर दहा मिनिटं जास्त लागतात. गेलं वर्षभर मी बहुतेक दिवशी मागच्या गल्लीतूनच जातो.

मी लातूरला जीवशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं समोर असतात, दिवसाला सहा बॅचेस, म्हणजे सहा तास उभं राहणं. वय एकोणपन्नास. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या क्लासच्या संचालकांनी मला बोलावून घेतलं. नवीन वर्षाचा फ्लेक्स करायचा आहे, जुना फोटो चालणार नाही, जरा फ्रेश दिसा, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. मग मुलांनी भरून दिलेल्या अभिप्रायांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. एका मुलीनं लिहिलं होतं, सर छान शिकवतात पण आजोबांसारखे वाटतात. त्याच वर्षी एकोणतीस वर्षांचा एक नवा शिक्षक आला होता आणि त्याच्या बॅचला मुलं दारापर्यंत उभी राहत होती.

मी तिथं हसलो. घरी येऊन बाथरूमच्या आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो.

पेप्टाईडचं वेड मला तिथून लागलं. शब्द परका नव्हता. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली गेली की जी साखळी तयार होते, ती पेप्टाईड. हे मी वर्षाला शेकडो मुलांना सांगतो. मोबाईलवर बघितलं तर हाच शब्द क्रीमच्या ट्यूबवर, सीरमच्या बाटलीवर, पावडरच्या डब्यावर. कुणी म्हणे डोळ्यांखालची त्वचा घट्ट होते. कुणी म्हणे सुरकुत्या विरतात, केस दाट होतात, गुडघे सुटतात, जखमा लवकर भरतात. मी शिक्षक आहे, मला प्रश्न पडायला हवे होते. ते पडलेही. त्वचेचा वरचा थर सहजासहजी काही आत जाऊ देत नाही. पोटात गेलेली साखळी पोट तोडतं आणि तिचे तुकडे करून टाकतं. काही लोकांना काही महिने घेतल्यावर त्वचा थोडी मऊ वाटते, गुडघ्यांना थोडा आराम पडतो, असं वाचायला मिळालं, पण मोठ्यानं बोलणारे बहुतेक विकणारेच होते. वर्गात कुणी विचारलं असतं तर मी हे सगळं सांगून वर दोन उलटे प्रश्न विचारले असते. स्वतःसाठी मात्र एक सीरमची बाटली आणि कोलॅजन पेप्टाईडचा एक पांढरा डबा मागवला.

दोन्ही वस्तू जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे ठेवल्या. बायकोच्या तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं. पावडर ढवळायचा चमचा वेगळा काढून ठेवत जा, एवढंच ती म्हणाली. महिनाभरात फरक पडला का, तर गालावर हात फिरवला की मऊ लागायचं. ते सीरमनं की रोज दोनदा तोंड धुतल्यानं, मला सांगता येत नाही. गुडघे माझे दुखतच नव्हते.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचं घर लोह्याजवळच्या एका खेड्यात. दाजींची शेती आहे, मुलगी लग्न होऊन गेली, आता दोघंच असतात. तिला साखरेचा आजार सात-आठ वर्षांपासून आहे आणि तीन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. पोटाला टोचून टोचून ती कंटाळली होती. कुणाच्या लग्नाला जायचं तर पर्समध्ये बर्फाची पिशवी. फ्रीज नसलेल्या घरी मुक्काम नाही. तिला ते अपमानासारखं वाटायचं.

मी अकरावीला नांदेडला गेलो तेव्हा घरच्यांनी अक्काला माझ्याबरोबर पाठवलं होतं, स्वयंपाकाला. आमच्याकडं ही रीत आहे. मुलगा शिकायला गेला की त्याच्या खोलीवर आई नाहीतर बहीण जाते. ती दहावी पास झालेली होती, मार्क माझ्याइतकेच होते. दोन वर्षं तिनं एका खोलीत स्टोव्हवर भाकरी केल्या. मी अभ्यासाला बसलो की म्हणायची, मोठ्यानं वाच, म्हणजे झोपला न्हाईस ते कळंल. मी मोठ्यानं वाचायचो, ती पीठ मळता मळता ऐकायची. अमिनो आम्लांच्या साखळीचा धडा मला काही केल्या कळत नव्हता. दोन-तीन दिवस तीच पानं ऐकून ती एकदम म्हणाली, "ही तर पोत ओवल्यावानी हाय की. मणी तेच, कोणता कुठं ओवला त्यावर पोत वेगळी." मला धडा तिथं कळला. पोतीचं ते उदाहरण मी आजही वर्गात देतो. ते कुणाचं, हे मी कधी सांगितलेलं नाही.

मागच्या दिवाळीत मी भाऊबीजेला एकटाच गेलो, बायकोला माहेरी जायचं होतं. दोन दिवसांचा मुक्काम होता आणि माझा एकही दिवस चुकू नये म्हणून डबा आणि बाटली बॅगेत होती. ओसरीवर दाजी आणि त्यांचे दोघे चुलतभाऊ बसले होते. मी हातपाय धुऊन आलो, अक्का माझ्या बॅगेतून टॉवेल काढायला गेली आणि टॉवेलबरोबर डबा बाहेर आला.

"ह्ये काय रे?"

चुलतभावांपैकी एकानं डबा हातात घेऊन फिरवून बघितला. "सर जिमला जाऊन राहिले काय या वयात," तो म्हणाला. दाजी हसले. दुसऱ्यानं विचारलं की डब्यावर ही बाई कामून हाय. डब्यावर गुळगुळीत गालांच्या एका बाईचं चित्र होतं.

माझे कान तापले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चेहऱ्यासाठी घेतो म्हणालो असतो, सगळे हसले असते, अक्कानं दोन टोमणे मारले असते, विषय संपला असता. मी म्हणालो, गुडघ्यांसाठी आहे. उभं राहून राहून गुडघे गेलेत. आणि एकदा खोटं बोलल्यावर त्याला वजन यावं म्हणून वर्गातला आवाज काढला. सांगितलं, की हे साधंसुधं नाही, पेप्टाईड आहे. शरीराचं कितीतरी काम पेप्टाईडवर चालतं. आणि अक्काकडं वळून म्हणालो, "तू घेतेस ते इन्सुलिन पण पेप्टाईडच की, अक्का."

"म्हंजी ती पोतच."

"हाव. पोतच."

तिचा चेहरा उजळला. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं तिला आठवत होतं आणि भावकीसमोर ते बोलता आलं होतं. कुणी आता हसत नव्हतं. चुलतभावानं डबा जपून खाली ठेवला. मला मोठं हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच मी शेवटची गोष्ट केली. तिनं मला ओवाळलं, तेव्हा मी तबकात साडी ठेवली आणि साडीवर तो डबा ठेवला. डबा निम्म्याहून जास्त भरलेला होता. तुझेही गुडघे कुरकुरतात, घेत जा रोज सकाळी, असं म्हणालो. मला दुसरा मागवता येत होता. आणि तो डबा माझ्या बॅगेत परत जाताना कुणी बघू नये, असंही वाटत होतं.

अक्कानं तो कपाळाला लावला आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

ओवाळणीत आलेल्या वस्तूला आमच्याकडं कुणी तपासून बघत नाही. भावानं दिलं म्हणजे दिलं. मी जर तो डबा गावातल्या मेडिकलवाल्याकडून आणायला सांगितला असता तर तिनं चार प्रश्न विचारले असते, हे मला पक्कं माहीत आहे. ती बाई मेथीची जुडीसुद्धा सोडून बघितल्याशिवाय घेत नाही.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. तिनं दिवाळीनंतर चार दिवसांनी सकाळचं इंजेक्शन बंद केलं आणि त्याऐवजी पावडर सुरू केली. पोत तीच, मग टोचून कशाला घ्यायची, पिऊनच घ्यावी. त्रास काही वाटला नाही. आठवड्यानं संध्याकाळचंही बंद केलं. दाजींना सांगितलं, डॉक्टर काय, माझा भाऊ डॉक्टर तयार करतो.

मला हे कळायची एक संधी मिळाली होती. नोव्हेंबरच्या शेवटी मी वर्गात संप्रेरकं शिकवत होतो आणि दर वर्षीचा माझा ठरलेला प्रश्न विचारला. इन्सुलिनची गोळी का देत नाहीत, टोचावंच का लागतं? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, पोटात पचून जातं, सर. पोत तुटते. मी शाब्बास म्हणालो आणि फळ्याकडं वळलो. देव्हाऱ्याच्या फळीवरचा डबा डोळ्यांसमोर आला. तो का आला, हे मला नीट कळलं नाही, पण तास कसाबसा संपवला आणि जिन्यातून अक्काला फोन केला. औषध वेळेवर घेतेस ना, विचारलं. रोज सकाळी घेते, म्हणाली, आवाजही चांगला होता. आणखी एक प्रश्न विचारायचा होता, कोणतं औषध, एवढाच. खाली फोटोग्राफर येऊन थांबला होता आणि संचालकांचा माणूस मला दोनदा हाक मारून गेला होता. मी फोन ठेवला आणि तोंड धुवायला गेलो. फ्लेक्सवरचा फोटो त्या दिवशीचा आहे.

डिसेंबरच्या मध्यावर दाजींचा फोन आला. अक्काच्या पायाच्या बोटाला जोडव्याखाली घासून फोड आला होता. आठ दिवस हळद लावली. आता बोट सुजून जोडवं आत रुतलंय आणि बोट काळं पडायला लागलंय, म्हणाले. ते तिला घेऊन नांदेडच्या एका दवाखान्यात पोचले होते. आणि मग, जाता जाता सांगितल्यासारखं, की साखर मशीनमध्ये मावत नाही म्हणतात.

मी एसटीनं निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा. खिडकीची जागा मिळाली होती पण बसवत नव्हतं, अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून गाडीभोवती फिरत राहिलो. कंडक्टरनं विचारलं, सर, काई हरवलं का? तोपर्यंत मला सगळं समजलेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हातानं लिहिलेलं उत्तर चुकीचं आहे हे वही न उघडता कळतं, तसं.

मी पोचलो तेव्हा नर्स छोट्या कटरनं तिचं जोडवं कापत होती. अक्का भिंतीकडं बघत होती. लग्नापासून ते निघालेलं नव्हतं. दाजींनी दोन्ही तुकडे रुमालात बांधून खिशात ठेवले. खाटेशेजारी तिच्या पिशवीत पांढऱ्या डब्याचं झाकण दिसत होतं. दवाखान्यातही तिनं तो बरोबर आणला होता.

डॉक्टर तरुण होते, पस्तिशीचे असतील. कागद बघून त्यांनी विचारलं, इन्सुलिन कधीपासून बंद आहे. दिवाळीपासून, ती म्हणाली.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

अक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं. "कुणी न्हाई," ती म्हणाली. "माझ्याच मनानं."

मग डॉक्टर तिला बोलले. वाईट बोलले नाहीत, पण तुम्ही लोक ऐकत नाही, कुणाचंही काहीही ऐकून औषधं सोडता, मग पाय घेऊन येता, असं बरंच. बोट बहुतेक काढावं लागेल आणि काळं वर सरकलं तर पाऊलही जाईल, दोन दिवसांत कळेल, असं म्हणाले. ती खाली मान घालून ऐकत होती, फळ्याजवळ उभं केलेल्या मुलीसारखी. मी तिच्या डोक्याशी उभा होतो. तोंड उघडलं नाही. दोन-तीन मिनिटांचीच गोष्ट असेल.

डॉक्टर बाहेर गेले तसा मी मागं धावलो आणि व्हरांड्यात त्यांना सगळं सांगितलं. डबा मी दिला, इन्सुलिन आणि हे एकच असल्यासारखं मी बोललो. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणालो, जीवशास्त्र शिकवतो, लातूरला. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना जाऊन हे सांगा. मला सांगून काय उपयोग."

मी तिला सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. इन्सुलिनचं काम वेगळं, या पावडरचं वेगळं, मणी तेच असले तरी पोत वेगळी, आणि तोंडानं घेतली की पोट ती तोडून टाकतं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, चूक माझी आहे, असं सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. "मणी तेच म्हणून गळ्यातलं कुणी पायात घालत न्हाई," ती म्हणाली. "मलाच कळायला पायजे होतं. तूबी बिचारा गुडघ्यापायी घेऊन राहिला व्हतास. आपण दोघंबी फसलो." मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

बोट गेलं, पाऊल वाचलं. पंधरा दिवसांनी ती घरी गेली.

त्यानंतर आम्ही एक नेम ठरवला. रोज सकाळी सात वाजता, माझी पहिली बॅच सुटते आणि दुसरी सव्वासातला भरते, त्या मधल्या वेळात अक्का मला फोन करते. फोन बाजूला ठेवून इंजेक्शनचं पेन पोटाला लावते, मला त्याची टिकटिक ऐकू येते, आणि मग म्हणते, टोचलं. त्यावर दोन वाक्यं इकडची तिकडची, आज थंडी हाय, दाजी शेतात गेले. नांदेडच्या खोलीवर मी मोठ्यानं वाचायचो तेव्हा ती ऐकायची, आता मी ऐकतो. संध्याकाळच्या वेळी दाजी समोर असतात. हा नेम मीच सुचवला, आणि खरं तर तो माझ्यासाठी आहे. सात वाजून पाच मिनिटं झाली की मी स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालायला लागतो. तो नवा शिक्षक मला सर बसा ना म्हणतो. तो चांगला मुलगा आहे.

या दिवाळीत पुन्हा गेलो. बायको बरोबर होती. तबकात साडी ठेवली आणि पाटाशेजारी पायाला जपणाऱ्या मऊ चपलांचा बंद खोका ठेवला. अक्कानं तबक जरा दूर धरलं आणि खोक्याकडं बघत सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी सांग यात काय हाय. सगळं सांग. मग घेते." दाजी खो खो हसले. मी सगळं सांगितलं, चपलेचा नंबरसुद्धा. ती हसून ओवाळत होती आणि मला तिचा तो पाय दिसत होता, जोडव्याची जागा रिकामी असलेला.

दुपारी दाजी आडवे झाले, बायको शेजारी गेली. अक्का मागच्या दारात बसून वांगी निवडत होती. मी समोर बसलो. तिनं सहज विचारलं, "तुझे गुडघे कसे हायत आता?"

वर्षभर मी या प्रश्नाला भीत होतो. म्हणालो, "अक्का, माझे गुडघे कधीच दुखत नव्हते."

मग फ्लेक्सचं, अभिप्रायाचं, त्या आजोबा शब्दाचं, सीरमच्या बाटलीचं, सगळं सांगितलं. तिच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. मग ते खाली ठेवून तिनं माझी हनुवटी धरली, चेहरा दाराच्या उजेडाकडं वळवला आणि जशी वांगी बघत होती तसंच बघितलं.

"काई फरक न्हाई," ती म्हणाली.

मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. हनुवटी सोडली आणि वांगी पुढं ओढली.

"त्या डाक्टरपुढं मी तुझं नाव घेतलं न्हाई," ती खाली बघत म्हणाली. "म्हणलं, त्याचंबी दुखणं हाय. त्यानं चांगल्या मनानं दिलं."

वांगी निवडून झाली तशी उठून आत गेली. निघताना नेहमीसारखी पिशवीत डाळ भरून दिली. फाटकापर्यंत मात्र आली नाही. पायामुळं आली नसेल, असं बायको गाडीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीनं गेलो नाही. फ्लेक्सखालून गेलो, थांबून वर बघितलं आणि क्लासवर पोचलो. सहाची बॅच शिकवली, काय शिकवलं ते आठवत नाही. सात वाजले. सात-पाच झाले. मी स्टाफरूमच्या खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत होतो. सात-दहा झाले. माझ्या इंजेक्शनचं विचारणारा तू कोण, असं ती म्हणाली तर ते बरोबरच होतं, पण निदान टोचून तरी घेऊ दे, एवढंच मनात चाललं होतं. मी दाजींचा नंबर काढला.

सात वाजून बारा मिनिटांनी तिचा फोन आला. हॅलो म्हणाली नाही. पेनची टिकटिक ऐकू आली.

"टोचलं," अक्का म्हणाली.

थंडीचं नाही, दाजींचं नाही, पुढं काहीच नाही. पण फोनही ठेवला नाही. तिकडं कोंबडा आरवत होता, भांडं घासल्याचा आवाज येत होता. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. सव्वासातची घंटा झाली, मुलं वर्गात शिरली, नव्या शिक्षकानं दारातून मला खूण केली. तिनं फोन ठेवेपर्यंत मी हललो नाही.